चाचपणारा हात

मराठीत ‘चाचपणे’ या क्रियापदाला फारशी प्रतिष्ठा नाही. वीज गेली की माणूस भिंत चाचपतो, गर्दीतून बाहेर पडल्यावर खिसा चाचपतो. त्याचेच भावंड असलेले ‘चाचपडणे’ तर आपण समीक्षेत नवख्या कवीसाठी राखून ठेवले आहे. या शब्दांत अज्ञान असते आणि थोडी धास्तीही. परंतु एक व्यवसाय असा आहे, जिथे चाचपणे ही ज्ञानाची पहिली आणि सर्वांत भरवशाची पायरी मानली जाते. तो व्यवसाय परिचारिकेचा. मी मराठी शिकवतो. या पायरीशी माझी ओळख झाली ती भाचीमुळे.

भाची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. बारावीपर्यंतचे तिचे शिक्षण अजिंठ्याच्या परिसरात, मराठी माध्यमात झाले. पुढची पुस्तके इंग्रजीत आली. शिरेत सुई घालून सलाईन लावण्याचा धडा तिला पाठ होता, पण ‘मामा, हे मला मराठीत समजावून घ्यायचंय’ असे म्हणून ती वही घेऊन बसली. माझ्या शाळेच्या पुस्तकांत ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ असे सुरेख शब्द होते, ते मी सुचवले. ती हसली. ‘वॉर्डात सगळे शीरच म्हणतात.’ मग शीरच ठेवली.

धडा असा होता. दंडाला किंवा हाताला, सुई टोचायच्या जागेच्या सात-दहा सेंटीमीटर वर, टूर्निकेटचा पट्टा बांधावा. तो इतकाच घट्ट हवा की मनगटाची नाडी लागत राहील. धमनीतून रक्त खाली उतरत राहिले आणि शिरेतून परत फिरताना अडले, तरच शीर भरते. नाडीच थांबली तर भरायचे कशाने? मग बोटांनी चाचपावे. धमनी उडते, शीर उडत नाही. चांगली शीर मऊ असते, दाबली की बसते, सोडली की पुन्हा भरते. दोरीसारखी कडक लागली तर ती सोडून द्यावी. डोळ्यांना निळी दिसणारी शीर पुष्कळदा वरवरची आणि बारीक असते. बोटाला लागणारी खोल शीरच उपयोगी पडते. जागा निर्जंतुक करून पूर्ण वाळू द्यावी आणि नंतर तिथे बोट लावू नये. सुईचे तिरपे तोंड वर ठेवून १० ते ३० अंशांच्या कोनात आत जावे. मागच्या कप्प्यात रक्त दिसले की कोन उतरवावा, किंचित पुढे सरकावे, आणि सुई स्थिर धरून फक्त प्लास्टिकची नळी आत लोटावी. पट्टा सोडावा, मग सुई काढावी. एकदा मागे ओढलेली सुई नळीत पुन्हा कधीही घालू नये. नळी कापली जाऊन तिचा तुकडा रक्तात वाहून जाऊ शकतो. दोन प्रयत्न फसले तर तिसऱ्यांदा सुई अनुभवी हातात द्यावी.

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही दोघेही थांबलो, कारण ते आम्हाला ठाऊक होते. त्याच उन्हाळ्यात माझी आई, म्हणजे तिची आजी, उलट्या-जुलाबांनी कोरडी पडली होती. शहरातल्या एका रुग्णालयात तिच्या हातात दोनदा सुई गेली आणि दोन्हीदा शीर फुटून जागा काळीनिळी झाली. शरीरातले पाणी आटले की शिरा आत बसतात. ज्याला सलाईनची सर्वाधिक गरज, त्याचीच शीर सापडत नाही. डॉक्टर मानेच्या शिरेबद्दल बोलू लागले. तेवढ्यात एक वयस्क सिस्टर आल्या. त्यांनी सुई उचललीच नाही. कोमट पाण्यात पिळलेला कपडा आईच्या हाताला गुंडाळला आणि हात पलंगाखाली लोंबता सोडला. ‘आजी, मूठ आवळा… सोडा.’ दोनेक मिनिटे त्या नुसत्या थांबल्या. मग मान वळवून, हाताकडे न पाहता, बोटाने शोधू लागल्या. हिरव्या टोपणाची १८ नंबरची सुई जाड असते, तिच्यातून पाणी भराभर जाते. त्यांनी निळ्या टोपणाची २२ नंबरची घेतली. शिरेला पेलेल तेवढीच सुई. कप्प्यात रक्त दिसले. आई त्या आजारातून उठली.

पुढे भाचीबरोबर लेणी पाहायला गेलो, तेव्हा सोळाव्या लेण्याच्या डाव्या भिंतीपाशी ती बराच वेळ उभी राहिली. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवून घेतलेले हे लेणे. भिंतीवर ते प्रसिद्ध चित्र आहे, ‘मरणोन्मुख राजकन्या’. मान कललेली, डोळे अर्धवट मिटलेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेत होते. त्यांनी या चित्राची अपार स्तुती केली आणि एक बारकावा नोंदवला: एक दासी रोग्याचा हात नाडी पाहावी तसा धरून आहे. पुढच्या अभ्यासकांनी कथा ओळखली. ही नंदाची पत्नी सुंदरी. पती भिक्षू झाल्याचे कळून ती कोसळली आहे. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्याचाही हाच विषय. म्हणजे राजकन्या मरत नाही, तिला मूर्च्छा आली आहे.

आपण साहित्याची माणसे अशा अर्थबदलावर रमतो. मृत्यू की मूर्च्छा, करुण की विप्रलंभ, यावर एक तास सहज निघतो. भाची मात्र राजकन्येकडे पाहतच नव्हती. ‘तिनं हात बरोबर धरलाय,’ एवढेच ती म्हणाली. मला ते वाक्य चित्रावरच्या पुष्कळ लेखनापेक्षा नेमके वाटते. कथा बदलली, निदान बदलले, चित्राचे नावही डळमळीत झाले. मनगटावरचा हात मात्र दोन्ही वाचनांत खराच राहिला. त्या दासीला कथा ठाऊक असण्याची गरज नाही. आत काही चालू आहे का, हे तिला आत्ता कळायला हवे. आजची परिचारिका पट्टा बांधल्यावर मनगटाची नाडी तपासते तेव्हा तोच हात पुढे येतो. फरक इतकाच, की तिला नाडीवर थांबून चालत नाही; शेजारची न उडणारी शीर शोधायची असते.

मग मराठीच्या मास्तराने यात काय करावे? वहीची शेवटची दोन पाने आम्ही त्यासाठी खर्च केली. पूर्वी ७२ ते ९६ तासांनी सुई बदलण्याचा दंडक होता. आता अनेक मार्गदर्शक सूचना प्रौढांसाठी गरज दिसेल तेव्हा बदला, असे सांगतात. त्यामुळे जागा वारंवार पाहणे आणि रोग्याला विचारणे यांचे महत्त्व वाढले. आणि रोगी उत्तर देतो ते मराठीत. ‘आग होते’, ‘ठणकतंय’ म्हणाला आणि जागा लाल व गरम लागली, तर शीर सुजते आहे. ‘ताणल्यासारखं, गार वाटतंय’ म्हणाला आणि हात फुगला, तर सलाईन शिरेबाहेर जाते आहे. सुई घालताना ‘झिणझिण्या आल्या’, ‘विजेसारखी कळ गेली’ म्हणाला, तर मज्जातंतूला धक्का लागला असावा. तत्क्षणी सुई काढावी. इंग्रजी पुस्तकात या लक्षणांची नावे आहेत, पण अजिंठ्याची म्हातारी ती नावे घेणार नाही. ती ‘चुरचुरतंय’ म्हणेल, आणि समोरच्या मुलीला चुरचुरणे आणि ठणकणे यांतले अंतर ऐकू आले पाहिजे. शब्दांतले असे अंतर ओळखायला शिकवणे हेच तर आपले काम आहे.