तारीख ढकलली, पण गाव?

आमच्या ऑफिसात रिलीजची तारीख पुढे ढकलणं म्हणजे किरकोळ काम. एक मेल टाकायचा, कॅलेंडरमधलं इन्व्हाइट सरकवायचं, झालं! परवा शुक्रवारी असंच एक इन्व्हाइट सरकवताना आयसीएलआरची आठवण झाली.

ही मशीन लर्निंगवाल्यांची मोठी परिषद. एप्रिल २०२० मध्ये ती इथिओपियात, अदिस अबाबाला भरणार होती. मुद्दाम तिथे. कारण २०१८ मध्ये माँट्रियलच्या न्यूरिप्स परिषदेला यायला आफ्रिकेतल्या कितीतरी संशोधकांना व्हिसाच मिळाला नव्हता. त्यांना येता येत नाही ना, मग आपणच जाऊ, इतका साधा विचार.

...आणि कोविड आला. परिषद अख्खी ऑनलाइन! प्रत्येक पेपरचा छोटा व्हिडिओ आधीच रेकॉर्ड केलेला. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, हॉस्टेल बंद, घरी बसलेलो. नंतर खुले झालेले व्हिडिओ फुकटात बघितले. मजा आली, खोटं कशाला बोलू!

पण अदिसच्या पोरांचं काय? व्हिडिओ त्यांनाही दिसले असतील. चहाच्या रांगेत एखाद्या दिग्गजाला गाठून "सर, एक शंका आहे" म्हणायची संधी मात्र गेली. २०२१ ऑनलाइन, २०२२ ऑनलाइन. परिषद आफ्रिकेत पोचली ती थेट २०२३ मध्ये, आणि तीही रवांडातल्या किगालीला.

तीन वर्षांत त्यातल्या कित्येकांनी शिक्षण संपवून नोकरी धरली असेल. त्यांना नवं इन्व्हाइट कोण पाठवणार?

असो. आमचा सोमवारचा रिलीज आता गुरुवारी आहे.