घास घालायची जागा

जात्यावरची ओवी शिकवताना मी एकाच ठिकाणी अडते. सूर सांगता येतो, शब्द सांगता येतात. एक चरण संपून दुसरा सुरू होईपर्यंतची जी जागा असते, ती काही केल्या सांगता येत नाही. आजी होती तोवर हा प्रश्नच नव्हता, तिच्या मागून म्हटलं की जागा आपोआप यायची.

यंदा माझ्या जळगावच्या वर्गात एक मुलगी आली. गळा तयार, ताल पक्का. ध्वनिमुद्रणं ऐकून तिनं ओव्या अगदी मुरकीसकट उचलल्या होत्या. ऐकायला गोड वाटलं, पण त्यात दळण नव्हतं.

दळणाची लय तबल्यासारखी सारखी चालत नाही. दाण्यांचा ताजा घास पडला की जातं जड होतं, हात रेटावा लागतो, गाणं रेंगाळतं. दाणे फुटत कडेला सरकले की वरची तळी हलकी होते आणि गाणं धावू लागतं. फार धावलं तर दगडावर दगड घासून पिठात कचकच येते, म्हणून त्याच्या आत पुढचा घास पडलाच पाहिजे. गळ्यानं थांबायचं ते तिथं. बाजरीला ही जागा वेगळी, गव्हाला वेगळी, डाळ भरडताना तर आणखी वेगळी. ओवीत अक्षरं कमीजास्त असतात आणि तरी ती डगमगत नाही, कारण तिचं माप हाताकडे असतं. हात मांडीवर ठेवून हे कसं शिकवायचं? मी टाळी देऊन पाहिलं, मेट्रोनोम लावून पाहिलं. टाळीला वजन नसतं.

आजी धुळ्याकडची, बोलणं सगळं अहिराणीत. पहाटे तिच्या जात्याशी गल्लीतली कुणी ना कुणी सून टोपलीभर ज्वारी-उडीद घेऊन यायची. कळण्याचं पीठ हे निमित्त. दोघी समोरासमोर बसायच्या, एका खुंट्यावर दोघींचे हात. आजी एकदाच विचारायची, ‘काय व्हयनं, माय?’ मग ओवी धरायची. समोरचीनं मागून झेलायची. जातं हलकं झालं की ती बाई बोलायची, जड झालं की गप्प व्हायची. आजी सल्ला देत नसे. मी पाहिलेलं सांगते: बाईचा आवाज फुटायला लागला की आजी नेहमीपेक्षा मोठा घास टाकायची. पीठ जाडं पडायचं, पण रडणारीला दोन्ही हातांनी खुंटा ओढावाच लागायचा. दोन-तीन फेऱ्यांत तिचा श्वास ताळ्यावर यायचा. गाणं, समजूत घालणं आणि घरादाराची भाकर ही तिची तीन वेगळी कामं नव्हतीच.

कवयित्री बहिणाबाई चौधरींची गाणी आपल्याला मिळाली ती त्यांच्या मुलामुळे, सोपानदेवांमुळे. आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या या बाईला अक्षरओळख नव्हती. मुलानं आणि त्याच्या मावसभावानं टिपून ठेवलं. १९५१च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. ते माझ्या उशाशी असतं. पण वहीत शब्द उतरले, घास कुठं पडत होता ते कुणी टिपलं नाही, आणि टिपणार तरी कसं? ‘मानिनी’ चित्रपटातली (१९६१) बहिणाबाईंची गाणी मला प्रिय आहेत. पण ती वाद्यमेळाच्या ठेक्यावर चालतात, आणि आता तीच चाल मूळ समजून स्पर्धेत म्हटली जाते, वर ‘पारंपरिक’ असा शिक्का. याचा मला राग येतो. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी अजून खरी वाटतात, कारण निंबाला झोका अजून बांधला जातो आणि तो ठेका देतो. कानबाई देवीच्या मिरवणुकीत मात्र डीजे शिरला आहे. त्यापुढं बायांची गाणी ऐकूच येत नाहीत.

माझ्याही गळ्यात एक हौस आहे. चरणाच्या शेवटी सूर लांबवला की सभागृह शांत होतं, मग टाळ्या येतात. ती शांतता मला आवडते. साठी उलटली तरी तिचा मोह सुटलेला नाही. आजीनं सूर कधी लांबवला नाही. तिला तिथं दाणे टाकायचे असत, आणि समोरचीला बोलू द्यायचं असे.

शेवटी आजीचं जातं गावाहून आणवलं, टाकी लावून घेतली. आता वर्गाआधी मी आणि ती मुलगी दळायला बसतो. माझा उजवा खांदा धरतो, म्हणून घास मी घालते, ओढते जास्त तीच. आमचा वाद जुंपला आहे. ती म्हणते, श्वास घास पडायच्या आधी घ्यायचा, ओढणाऱ्याला तेवढी तयारी लागते. माझं म्हणणं, पडल्यावर, जातं जड लागलं की. मला आठवते ती आजी घास घालणारी. ओढणाऱ्या बाईचा श्वास मी कधी ऐकलाच नव्हता. बाजरीवर तिचं खरं ठरतंय. श्रावणात कानबाईच्या रोटांचा गहू यंदा गिरणीत न देता याच जात्यावर दळणार आहोत. गहू जड असतो, त्यावर माझं खरं ठरेल असं मला वाटतं.