अंबाजोगाईतला एक उन्हाळा

वाचकहो, अंबाजोगाईचे नाव आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात असेल. कोकणातील कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटाच्या पठारावरच्या या गावी नांदते. परंतु कुलधर्म उरकून दुसऱ्या दिवशी परतणाऱ्याला गाव दिसत नाही. मलाही ते पूर्वी दिसले नव्हते. परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर घरगुती शुश्रूषेचे वर्ग घेण्याच्या निमित्ताने, गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत, मी तेथे राहिले.

तेथील उन्हाळ्याचा पहिला धडा वेळेचा. पारा चाळिशीच्या वर जातो. म्हणून पाहावयाचे ते सकाळी नवाच्या आत, नाहीतर दिवेलागणीला. पहाटे उठून मी हत्तीखान्यात जाई. एकाच खडकात कोरलेले हे लेणे, त्याचे उघडे प्रांगण आणि दगडी हत्ती सकाळी विलक्षण शांत वाटतात. परळीच्या वैजनाथाशी ठरलेल्या योगेश्वरीच्या लग्नाचा मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचे झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, ही कथा तिथला प्रत्येक जण आपल्याला सांगेल.

गावाबाहेर दरीच्या कुशीत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०चा, म्हणजे इ. स. ११८८ मधला. ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षे आधीचा! पुढे सोळाव्या शतकात याच गावी दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले. तीच त्यांची प्रसिद्ध पासोडी. हा देह पंचमहाभूतांचा कसा बनला, याचा तो विचार. त्या पाचांतील एकट्या जलतत्त्वाचा अर्थ मात्र मला एका खेड्यातील आजींनी शिकविला.

बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गळीत हंगाम संपला की उन्हाळ्यात परततात. मधले पाच-सहा महिने कित्येक घरांत उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. अशाच एका वाडीत मी पहिल्या वर्गात पुस्तकी थाटात सांगितले, ‘‘उन्हाळ्यात दिवसाला आठ पेले पाणी प्यावे.’’ पुढे बसलेल्या आजी हसल्या. म्हणाल्या, ‘‘पानी पेलं की उठावं लागतंय, बाई. अंधारात हाक मारू कुनाला?’’

मीही हसले, आणि पुढचा मुद्दा घेतला. ती माझी चूक होती.

आठवड्याने गेले तेव्हा आजी खाटेवर पडून असंबद्ध बोलत होत्या. शेजारीण म्हणाली, ‘‘वय झालं, भ्रमल्या.’’ जीभ कोरडी, नाडी जलद. दोन दिवस लघवीही थोडी आणि गडद होत असल्याचे नात म्हणाली. आरोग्य केंद्रात सलाइन लागले आणि संध्याकाळी आजींनी शुद्धीवर येऊन पहिला प्रश्न केला, ‘‘पोरगी जेवली का?’’

त्या रात्री मी पुण्यातील माझ्या वडिलांना फोन केला. वय नव्वदीला टेकलेले. ‘‘पाणी पिताय ना?’’ असे मी रोज विचारी आणि ‘‘हो’’ ऐकून निश्चिंत होई. त्या दिवशी प्रथमच विचारले, ‘‘रात्री उठायची भीती वाटते का, बाबा?’’ बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘संध्याकाळनंतर मी पाणी घेतच नाही.’’

वाचकहो, वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, हे आपण वाचले असेल. परंतु पुष्कळ वृद्ध तहान लागूनही पीत नाहीत, कारण उठण्याची, पडण्याची, कुणाला त्रास देण्याची त्यांना धास्ती असते. म्हणून पाण्याचा आग्रह करण्याआधी वाट सोपी करावी. आजींची खाट आम्ही मोरीच्या बाजूला हलविली, उशाशी बॅटरी ठेवली. सकाळी भरलेला तांब्या दुपारपर्यंत रिता झाला पाहिजे आणि दुसरा दिवेलागणीपर्यंत, हे पाहण्याचे काम नातीकडे दिले. दिवसाच पुरेसे पाणी गेले की रात्रीचे उठणे कमी होते. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असेल, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाण्याचे प्रमाण मात्र डॉक्टरांनाच विचारावे. वृद्ध माणूस अचानक बरळू लागले, अतिशय गुंगले, तर ‘वय झाले’ म्हणून थांबू नये. अंग तापलेले असल्यास ओल्या कापडाने पुसावे, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.

अंबाजोगाईला रुग्णसेवेची परंपराही मोठी आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून येथे आहे. जवळच लोखंडी सावरगावला वृद्धांच्या उपचारांसाठी शासकीय केंद्र उभारले आहे. तरीही वाडीवरच्या खाटेपासून तिथपर्यंतचे अंतर कुणीतरी आपले माणूसच कापू शकते.

चैत्र सरता सरता आजींचा मुलगा-सून परतले. मुलगा खाटेशी बसला, तेव्हा नातीने त्याला आधी तांब्या दाखविला आणि मग शाळेचे प्रगतिपुस्तक.

आपण अंबाजोगाईला अवश्य जा. परळीपर्यंत रेल्वे आहे. मार्गशीर्षात देवीचे नवरात्र असते आणि हवाही सुखद असते. गुडघे दुखत असतील तर मुकुंदराजांच्या उतारावर काठी आणि सोबत घ्यावी. आणि घरी कुणी वडीलधारे असेल, तर आज रात्री निजण्यापूर्वी त्यांच्या खाटेपासून न्हाणीघरापर्यंत दिवा मालवून एकदा स्वतः चालून पाहा.