आगटीभोवती

घरी पाहुणे बोलवावेत आणि जेवण तर देखणे व्हावेच, पण यजमानाच्या कपाळावर घामाचा थेंबही दिसू नये, अशी आम्हा दोघांची फार दिवसांची हौस. सोलापूरसारख्या गावात राहून, घरामागे चार पावलांचे परस असून, हिवाळ्यात हुरडा सोडून दुसरे काही करणे हा करंटेपणाच ठरला असता. शिवाय हुरड्याला पाककृती अशी नाहीच. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याच्या मापांनी मराठी स्वयंपाकघराला धीर दिला, हुरड्याला ना वाटी लागते ना चमचा. त्याला लागते ती वेळ. रब्बीची ज्वारी पेरल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दाण्यातले दूध घट्ट होऊ लागते, पण दाणा अजून टणक झालेला नसतो. हे दिवस फार तर आठवडाभराचे. पुढे दाण्यातली साखर पिठात बदलत जाते आणि हुरड्याची ज्वारी होते.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती कीर्ती भाकरीची. हुरड्यासाठी जाणते लोक गूळभेंडी किंवा सुरती शोधतात, कारण तिचा दाणा बोंडातून अलगद सुटतो.

पहिल्या वर्षी आम्ही सारे सौंदर्यदृष्टीने योजले. झाडाखाली पांढरी चादर, पळसाच्या पत्रावळी, छोट्या वाडग्यांतून जवसाची, कारळ्याची, लसणाची चटणी, बाजूला दही, गूळ आणि गोडी शेव. आगटी मात्र परसाच्या पार टोकाला, धूर पाहुण्यांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. भाजायला आणि चोळायला शेजारच्या गावातले एक शेतमजूर रोजाने बोलावले होते. त्यांनी कणसे निखाऱ्यांत खुपसायची, हातावर चोळायची, पाखडायची आणि आम्ही ताटांतून हुरडा फिरवायचा. चादरीपर्यंत येईतो तो निवलेला असे, आणि निवलेला हुरडा वातड लागतो. पाहुण्यांनी वाहवा केली; पाहुणे करतातच.

त्यांत आमचे एक ज्येष्ठ स्नेही होते. आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेले. दुसरे ताट फिरत असताना ते काही न बोलता उठले आणि आगटीपाशी जाऊन त्या मजुराशेजारी उकिडवे बसले. सभ्य भाषेत सांगायचे तर पंगत मोडली. आम्हाला राग आला होता, हे कबूल केले पाहिजे.

रात्री निघताना ते बोलले. त्यांच्या लहानपणी गावच्या मळ्यात हुरडा होई, तेव्हा वडील आगटीवर असत. मालकाचे पाहुणे घोंगड्यांवर बसत. वडील चोळत आणि सुपात टाकत. सगळे उठून गेले की राखेत राहिलेली कणसे या पोरांची, आणि तीही ओंजळीत वरून टाकलेली. १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. तिच्या भाकरीला चव नव्हती, पण ती रांगेत उभे राहून सगळ्यांच्या बरोबरीने मिळाली होती, एवढे त्यांना आठवत होते. “हुरडा मला आवडतो,” ते म्हणाले, “पण चादरीवर बसून तो माझ्या घशाखाली उतरत नाही.”

आम्ही वर्गात ग्रामीण आणि दलित साहित्य शिकवतो. आगटीच्या जागेचा अर्थ एखाद्या कथेत आम्हाला लगेच दिसला असता. परसात मात्र आम्हाला फक्त धूर दिसला होता.

पुढल्या हिवाळ्यात चादर गेली. परसाच्या मधोमध हातभर रुंद, वीतभर खोल खड्डा घेतला. गोवऱ्यांचा जाळ बसून नुसते लाल निखारे उरले की कणसे घालायची, हे आता कळले होते. आधी घातली तर वरून करपतात, आत कच्ची राहतात. सगळे भोवतीने बसले. आम्हीही चोळायला घेतले आणि चौथ्या कणसाला तळहात लाल झाले. डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण हुरडा हातावरून थेट तोंडात जात होता. (चटण्या निम्म्या उरल्या. गरम हुरड्याला त्यांची फारशी गरज नसते, हे यजमानाला जरा लागतेच.)

त्या मजुरांनाही आम्ही बसून खाण्याचा आग्रह केला. ते हसून म्हणाले, “आज गुरुवार आहे, सर. उपास असतो.” उपास खरा होता की आमच्या औदार्यातून काढलेली ती सभ्य पळवाट होती, ते आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. गुरुवार निवडला होता आम्हीच; सुट्टी आमच्या सोयीची होती.

यंदा रविवार धरला आहे. रोजाने बोलावण्याऐवजी आम्ही दोघे रीतसर त्यांच्या घरी जाऊन नवरा-बायकोंना जेवणाचे आमंत्रण देऊन आलो. बाईंनी चहा दिला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी अगदी साधी शंका काढली, “मग चोळायचं कुणी, सर?”

गेले चार दिवस आम्ही संध्याकाळी परसात दोन-दोन कणसे भाजून हात तयार करतो आहोत. बोंडे अजून नीट सुटत नाहीत.