शेवटच्या पैशाला अर्धे नसते

खामगावाहून जलंबला जाणारा लोहमार्ग जेमतेम १३ किलोमीटरांचा आहे. वऱ्हाडातील कापूस मुख्य मार्गापर्यंत लवकर पोहोचावा म्हणून इ. स. १८७० मध्ये तो सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः येथे आले होते. गेल्या दिवाळीच्या सुटीत याच गाडीत माझी नात माझ्यासमोर बसली होती. ती पुण्यास गणित शिकते. गाडी हलताच ती म्हणाली, "आजोबा, ही गाडी जलंबला पोहोचूच शकत नाही. सिद्ध करून दाखवू?"

तिचा युक्तिवाद सरळ होता. जलंब गाठण्याआधी गाडीने निम्मे अंतर कापले पाहिजे. मग उरलेल्याचे निम्मे, मग त्या उरलेल्याचे निम्मे. प्रत्येक वेळी काही ना काही उरतेच, आणि निम्मे करण्याला अंत नाही. अनंत टप्पे कोण पुरे करणार? सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी झेनो नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाने हे कोडे घातले, असे तिने सांगितले. अर्ध्या तासाच्या आत गाडी जलंबच्या फलाटास लागली आणि आम्ही दोघेही हसलो. मात्र ते कोडे माझ्या मनातून गेले नाही. त्याचे कारण सांगण्याआधी वडिलांच्या गल्ल्याविषयी लिहिले पाहिजे.

१९५७ साली दशमान नाणी आली, तरी वडिलांनी काही जुनी नाणी एका डबीत जपून ठेवली होती. त्यांवरच त्यांनी आम्हा दोघा भावांना हिशेब शिकवला. जुन्या रुपयाचे पैसे ६४. रुपयाचे अर्धे अधेली, तिचे अर्धे पावली, तिचे चवली, मग आणा, मग ढब्बू, आणि शेवटी एक पैसा. सहा वेळा अर्धे केले की पैसा हाती येतो. पुढे वडील विचारीत, "आता याचे अर्धे करा." आम्ही गप्प राहत असू. ते म्हणत, "शेवटच्या पैशाला अर्धे नसते. तो द्यायचा, नाहीतर ठेवायचा."

या सहा वेळांना आपल्या शास्त्रात एक नाव आहे, हे मला फार उशिरा कळले. एखादी संख्या जितक्या वेळा निम्मी करता येते, ते तिचे 'अर्धच्छेद'. ६४ चे अर्धच्छेद ६. ही संज्ञा वीरसेनाचार्यांनी इ. स. ८१६ मध्ये पूर्ण केलेल्या धवला टीकेत येते. तिची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीस बंद होती. ती नागरीत छापून जगापुढे आली, ती आपल्या शेजारच्या अमरावतीहून. किंग एडवर्ड महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली पहिला खंड निघाला आणि पुढे एकूण १६ खंड झाले.

झेनोच्या कोड्याला आपल्या परंपरेचे उत्तर स्पष्ट आहे. अविभाज्य परमाणू आकाशाची जेवढी जागा व्यापतो तो एक प्रदेश, आणि काळाचा अविभाज्य अंश तो समय. एका अंगुलातही प्रदेश असंख्यात आहेत, परंतु असंख्यात म्हणजे अनंत नव्हे. निम्मे करणे कोठेतरी थांबतेच, आणि त्यापुढे पाऊल पुरतेच टाकावे लागते. गणिताचे उत्तर निराळ्या वाटेने येते. अर्धा, पाव, अर्धपाव ही मालिका अखंड चालली तरी तिची बेरीज एकाच्या पुढे जात नाही, पूर्ण एकच होते. स्वतः वीरसेनाचार्यांनीही शंकूच्या छिन्न भागाचे घनफळ काढताना चौथाईने घटत जाणाऱ्या तुकड्यांची अशी न संपणारी बेरीज मांडली आहे. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. मार्ग तुकड्यातुकड्याने मोजता येतो. तो पार करायचा तर पूर्णच पार करावा लागतो.

आता माझे कारण. आमच्या वाटणीत सारे निम्मे झाले. दुकान, गोदाम, घर, उधारी, वहीतल्या शेवटच्या रकमेपर्यंत. उरला फक्त वडिलांचा चांदी तोलण्याचा काटा. तो निम्मा होईना. मी तो ठेवून घेतला, आणि त्या दिवसापासून दादांचे व माझे बोलणे बंद झाले. आमच्या दोन दुकानांमध्ये ऐंशी पावलांचे अंतर आहे. ते अकरा वर्षे तसेच राहिले.

मी काहीच केले नाही, असे नव्हे. पर्युषणानंतर एके वर्षी क्षमापनेचे छापील पत्र पाठवले. पुढच्या वर्षी पुतण्याकरवी निरोप धाडला. एकदा मंदिरात ते समोर आले तेव्हा दुरूनच हात जोडले. दर वर्षी वाटे, थोडे अंतर कमी झाले. झेनोची गाडी मीच चालवीत होतो. वर्षातून एक निम्मे, आणि दर वर्षी काहीतरी उरलेले. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतील जीवांची क्षमा मागताना माझी जीभ कधी अडखळली नाही. एका माणसापाशी मात्र ती हलत नव्हती.

जलंबहून परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढच्या पर्युषणाची वाट पाहणे म्हणजे आणखी एक निम्मे, हे मनाला पटले होते. काटा कापडात गुंडाळला आणि ऐंशी पावले चालून गेलो.

दादा गादीवर बसले होते. मी समोर उभा राहिलो तरी त्यांनी विचारले, "कोण आहे?" वहिनींनी हळूच सांगितले, की त्यांची दृष्टी दोन वर्षांपूर्वीच अधू झाली, आता माणूस आवाजावरून ओळखतात. मंदिरात मी दुरून हात जोडले, ते त्यांना दिसलेच नव्हते. माझ्या हिशेबात जमा धरलेले ते निम्मे त्यांच्या खात्यावर कधी पोहोचलेच नव्हते.

मी म्हणालो, "दादा, मी. माझे चुकले." काटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी पारडी चाचपली, दांडी चाचपली आणि म्हणाले, "काटा तुझ्याकडेच असू दे. मला आता तोल दिसत नाही. तू मात्र येत जा."

तेव्हापासून रोज दुकान बंद केल्यावर मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. अकरा वर्षांतले काय निसटले, याचा हिशेब आम्ही मांडत नाही. तो जुळणार नाही. आपणांपैकी कोणाच्या घरी असे एखादे ऐंशी पावलांचे अंतर असेल, तर एवढेच सांगावेसे वाटते की पत्रे, निरोप आणि नमस्कार ही सारी अधेली-पावली आहे. शेवटचा पैसा स्वतः जाऊन द्यावा लागतो, आणि घेणाऱ्याची नजर शाबूत आहे तोवर दिलेला बरा.