आग्र्यातील उधारीचे वर्ष

शौरीपूर आणि मथुरेची चौरासी या क्षेत्रांच्या दर्शनाला निघालेली महाराष्ट्रातील जैन कुटुंबे आग्र्याला बहुधा एक मुक्काम करतात. तो दिवस ताजमहालात आणि पेठ्याच्या दुकानात संपतो. ज्यांच्या हाती आणखी दोन तास असतील, त्यांनी किल्ल्यासमोरच्या आग्रा फोर्ट स्थानकापासून जुन्या शहरात शिरावे. किनारी बाजार, जोहरी बाजार, रावतपाड्यातील मसाल्यांचा दर्प आणि अरुंद होत जाणाऱ्या गल्ल्या यांतून वाट काढली की मोती कटरा हा मोहल्ला येतो. येथे दिगंबर जैन मंदिर आहे. रोशन मोहल्ल्यात चिंतामणी पार्श्वनाथांचे श्वेतांबर मंदिर आहे. ताजमहालाचा पायाही घातला गेला नव्हता, त्या काळी, म्हणजे 1610 च्या सुमारास, याच मोती कटऱ्यात चोवीस वर्षांचा एक श्रीमाळ तरुण आपल्या बहिणीच्या यजमानांकडे येऊन उतरला. त्याचे नाव बनारसीदास.

पुढे ‘समयसार नाटक’ लिहून अध्यात्मरसिकांच्या घराघरांत पोहोचलेले कविवर्य ते हेच. परंतु त्या दिवशी ते केवळ जौनपूरच्या एका जवाहिऱ्याचे पुत्र होते आणि वडिलांनी त्यांना प्रथमच स्वतंत्र व्यापारास धाडले होते. भांडवल काही घरचे, काही उसने. बरोबर जवाहीर, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि दोनशे रुपयांचे जौनपुरी कापड. इटाव्याजवळ पावसाने गाठले, निवारा मिळेना, तेव्हा एका परक्या माणसाच्या खाटेखाली गोणपाटावर पडून रात्र काढावी लागली. हे सारे त्यांनीच वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, 1641 साली, आपल्या ‘अर्धकथानक’ या पद्यमय आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले, तर ही निम्मी कहाणी, म्हणून ते नाव. हिशेबी घराण्यातील माणसाला शोभेल असेच ते आहे.

आग्र्याच्या बाजाराने या नवख्या व्यापाऱ्याला काही महिन्यांत धुऊन काढले. काही रत्ने नकळत गळून पडली. काही कपड्यात बांधून ठेवली होती, ती उंदरांनी कपड्यासकट पळवली. त्यात दुखणे आले. जौनपूरला वडिलांच्या कानावर वार्ता गेली आणि घरात आकांत झाला. जवळचे किडूकमिडूक विकून झाले, तेव्हा बनारसीदासांनी बाजारात जाणेच सोडले. दिवाळे निघालेल्या माणसाला दुकानांच्या रांगेतून चालत जाणे किती कठीण असते, हे ज्यांच्या घरी एकदा तरी वाईट साल आले आहे, त्यांना सांगावे लागत नाही.

त्यांच्यापाशी उरले होते ते दोन पोथ्यांचे पठण. ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’. सुफी कवींनी अवधी भाषेत रचलेली ही प्रेमाख्याने त्या काळी उत्तरेत गावोगावी गायली जात. एकीत राजपुत्राला रात्री अप्सरा उचलून राजकन्येच्या महालात नेतात आणि सकाळी तो पुन्हा आपल्या शय्येवर जागा होतो. दुसरीत वनात दिसलेल्या अद्भुत हरिणीच्या ध्यासाने राजपुत्र जोगी होऊन देशोदेशी भटकतो. घर सोडून आलेल्या आणि सर्व गमावून बसलेल्या तरुणाला या कथा परक्या वाटल्या नसाव्यात. रात्री ते पोथी उघडून गात. दहा-वीस माणसे जमत, गप्पागोष्टी होत, आणि जाताना माणसे आशीर्वाद देत.

याहून विलक्षण गोष्ट अशी की पाचच वर्षांपूर्वी याच बनारसीदासांनी स्वतः रचलेले हजार पद्यांचे शृंगारकाव्य ‘हे सारे असत्य’ म्हणून जौनपूरला गोमतीच्या पात्रात सोडून दिले होते. आपले शृंगारकाव्य नदीला दिले, आणि दुसऱ्यांच्या शृंगारकाव्याने पोट भरण्याची वेळ आली! ही विसंगती त्यांच्या ध्यानी आली असेलच. अर्धकथानकात दोन्ही प्रसंग त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले आहेत.

श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून रोज शेरभर कचोऱ्या उधार घेत. काही दिवसांनी त्यांचे मन त्यांना खाऊ लागले. एके दिवशी इतर कोणी नाही असे पाहून त्यांनी त्याला स्पष्ट सांगितले की उधारी पुष्कळ झाली, आता पुढे देऊ नकोस. माझ्यापाशी काही नाही, पैसे वसूल करशील कोठून? कचोरीवाल्याने उत्तर दिले की वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही.

तारण नाही, जामीन नाही, मुदत नाही. कर्जदाराने स्वमुखाने आपले दिवाळे कबूल केलेले. तरीही सावकाराने मर्यादा मात्र आखून दिली, वीस रुपये. त्याचा धंदा कढईचा असला, तरी माणूस जोखण्याची त्याची नजर जोहरी बाजारातल्या पारख्यांहून कमी नव्हती.

असे सहा-सात महिने गेले. मग सासरकडील एक नातलग, ताराचंद, पठण ऐकायला आले आणि आग्रह करून त्यांना आपल्या घरी घेऊन गेले. पुढे धरमदास नावाच्या तरुणाशी भागीदारी जमली, पाचशे रुपये भांडवल मिळाले, माणिक-मोती खरेदी-विक्री सुरू झाली. हाती पैसा येताच कचोरीवाल्याचा हिशेब झाला. रक्कम निघाली चौदा रुपये. महिन्याला सुमारे दोन रुपये पडले, आणि वीसची मर्यादा ओलांडली गेली नाही. नंतर ते खैराबादला सासरी गेले, तेव्हा पत्नीनेही त्यांची स्थिती ओळखून आपल्या गाठीचे वीस रुपयेच पुढे केले.

मधुमालती आणि मृगावती दोहा-चौपाईत आहेत. तीस वर्षांनी बनारसीदास स्वतःची कहाणी सांगायला बसले, तेव्हा त्या 675 पद्यांतही दोहे आणि चौपाया यांचाच चाल धरणारा ठेका आहे. त्यात राजपुत्र नाही, हरिणी नाही. तूप आहे, कापड आहे, उंदीर आहेत.

आजही सकाळी आग्र्याच्या गल्ल्यांतून बेडई आणि कचोरी तळण्याचा वास येतो. तिच्याबरोबर बटाट्याची भाजी मिळते; जैन यात्रेकरू ती नाकारून नुसती कचोरी किंवा जिलबी घेतात. बनारसीदासांना हा प्रश्न पडला नसावा, कारण बटाटा तेव्हा त्या शहराच्या स्वयंपाकात आलेला नव्हता.

हे आत्मचरित्र छापून वाचकांपुढे आणण्यात मुंबईच्या हिराबागेचा वाटा आहे. तेथील हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयाच्या नाथूराम प्रेमींनी 1943 साली ते संपादून प्रसिद्ध केले. त्यात भागीदार, नातलग, सराफ यांची नावे ठिकठिकाणी आहेत. कचोरीवाल्याचे नाव नाही. त्याच्या खात्यावर चौदा रुपये जमा आहेत.