धानाची ट्रॉली आणि केशोरीची वाट

गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावर अर्जुनी मोरगावला उतरलं की केशोरीचा रस्ता धरता येतो. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या, मधूनच दाट झाडी. गोठणगावच्या आसपास गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आणि 1972 पासून इथं नांदणारी तिबेटी वसाहत. पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेलगत केशोरी. विदर्भात या गावाचं नाव मिरचीमुळे घेतलं जातं, पण मी गेलो तेव्हा धानखरेदीचे दिवस होते आणि रस्ता ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा होता.

एका ट्रॉलीमागे आमची गाडी बराच वेळ अडकली. तणीस इतकी उंच रचलेली की पुढचा ट्रॅक्टर दिसतच नव्हता. वळणावर ट्रॉलीचं मागचं टोक डावीकडे गेलं, मग उजवीकडे. चढ लागला तेव्हा बाजूने पाहिलं, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं रस्त्याला जेमतेम टेकत होती.

चहाच्या टपरीवर एका चालकाला याबद्दल विचारलं. धानाचे कट्टे भरून तो खरेदी केंद्राकडे निघाला होता. "भाऊ, माल मागं गेला का ट्रॉली नाचते, पुढं गेला का मुंडकं उचलते," तो म्हणाला.

एवढ्या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. दोन चाकी ट्रॉलीचा आस हा तराजूचा काटा. माल आसाच्या पुढे जास्त असेल तर हुकावर दाब येतो. ट्रॅक्टरचा मागचा भाग खाली दबतो, पुढचा हलका होतो आणि स्टिअरिंग फिरवूनही चाकं वळत नाहीत. माल मागे गेला तर हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि उतारावर ट्रॉली झोके खाऊ लागते. खरेदी केंद्रावरचा धानाचा कट्टा 40 किलोचा. असे 75 कट्टे म्हणजे 3 टन. पाचसहा कट्टे पुढे-मागे झाले की दोनअडीचशे किलोंची जागा बदलते.

बैलबंडी हाकणाऱ्याला हे कधी शिकवावं लागलं नाही. बंडी उलार झाली की जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळले जातात. पुढे जड झाली की खांदे सोलतात. बैलाचा त्रास डोळ्यांना दिसतो, म्हणून गाडीवान भरतानाच पोती सरकवतो. ट्रॅक्टर तक्रार करत नाही. धोका वाढला आहे तो इथे, असं मला ठामपणे वाटतं.

अमेरिका-ऑस्ट्रेलियात लोक मोटारीमागे फिरतं घर जोडून सहलीला निघतात. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार जोडावर असावा, असा तिथला ठोकताळा आहे. म्हणजे 1500 किलोंच्या ट्रेलरचे दीडशे ते सव्वादोनशे किलो मोटारीच्या शेपटावर. त्याने मोटारीचं नाक वर होतं, पुढचे ब्रेक कमी धरतात, दिव्यांचा झोत रस्ता सोडून आभाळाकडे जातो. त्यासाठी भार वाटून देणारा जोड वापरतात. जोडापासून ट्रेलरच्या सांगाड्यापर्यंत स्प्रिंगच्या पोलादाचे दोन दांडे ताणून बसवलेले असतात. ते तरफेसारखं काम करतात आणि मागच्या चाकांवरचा थोडा भार मोटारीच्या पुढच्या चाकांवर, थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. एकूण वजन मात्र किलोभरही घटत नाही, आणि माल चुकीचा भरला असेल तर हे दांडे तो दुरुस्त करत नाहीत.

केशोरीच्या ट्रॉल्यांना असे दांडे नसतात. पण ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जाण्यावर एक उत्तर हॅरी फर्ग्युसन या अभियंत्याने शोधलं होतं. त्याच्या काळात नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर पडत असे. 1926 मध्ये पेटंट मिळालेल्या त्याच्या तीन सांध्यांच्या जोडणीत वरचा दांडा पुढे रेटा देतो आणि ट्रॅक्टरचं मुंडकं जमिनीवर राहतं. आज केशोरीतल्या ट्रॅक्टरलाही मागे तीच जोडणी दिसते. मात्र ती नांगरासाठी, रोटाव्हेटरसाठी. ट्रॉली खालच्या हुकालाच लावायची. ओढ मागच्या आसाच्या वर गेली की ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

टपरीवरचा तो चालक निघाला तेव्हा त्याने हुकाची पिन हलवून पाहिली, तिची खालची क्लिप तपासली आणि ब्रेकची दोन्ही पेडलं एकमेकांना अडकवली. शेतात ती सुटी ठेवतात. रस्त्यावर सुटी राहिली आणि एकच दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर जागीच वळतो. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात, तेव्हा उतारावर सगळा रेटा ट्रॅक्टरवर येतो.

या रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्या भावांना एक विनंती आहे. जड माल तळाशी आणि आसाच्या किंचित पुढे ठेवा, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, मागे लाल रिफ्लेक्टर लावा आणि भरलेल्या ट्रॉलीवर माणसं बसवू नका.